अमेरिकेतला इंटरस्टेट अनोळखी माणसाला चुकू देत नाही

पायवाट (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या रस्त्यांचं कौतुक निघालं की लोक वेगाबद्दल आणि गुळगुळीतपणाबद्दल बोलतात. गुळगुळीत म्हणाल तर सगळेच नाहीत, पेनसिल्व्हेनियात काही ठिकाणी गाडी चांगलीच खडखडते. मला भावलं ते वेगळंच आहे, म्हणून हा धागा.

मी नोकरीसाठी ओहायोत, कोलंबसला, नुकताच आलोय. लायसन्स मिळाल्यावर पहिला लांबचा प्रवास केला तो न्यू जर्सीला, एडिसनमधल्या मावसभावाकडे. गाडीत एकटा, वाटेत ओळखीचं एकही गाव नाही, आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची. तरी कुठे थांबून कुणाला वाट विचारायची वेळ आली नाही. फोनवर नकाशा चालू होताच, पण फोन जे सांगत होता ते रस्ता त्याच्या आधीच सांगून मोकळा होत होता.

आता आकडेच बघा. इंटरस्टेट म्हणजे राज्याराज्यांना जोडणारे इथले मोठे महामार्ग, आणि त्यांना आकड्यानेच ओळखतात. सम आकड्यांचे इंटरस्टेट पूर्व-पश्चिम जातात, विषम आकड्यांचे दक्षिणोत्तर. विषम आकडे पश्चिम किनाऱ्यावरच्या ५ पासून पूर्व किनाऱ्यावरच्या ९५ पर्यंत वाढत जातात आणि सम आकडे दक्षिणेतल्या १० पासून उत्तरेतल्या ९० पर्यंत. मी ७० वरून पूर्वेला निघालो होतो. कोलंबसमध्ये ७१ लागला, केंब्रिजपाशी ७७, पेनसिल्व्हेनियात शिरल्यावर ७९, हॅरिसबर्गच्या अलीकडे ८१. नकाशा न बघताही आपण पूर्वेला सरकतोय हे समजत होतं. आकडा तीन अंकी असेल तर पहिला अंक बघायचा. तो सम असेल तर रस्ता सहसा शहराला वळसा घालतो, जसा कोलंबसभोवतीचा २७०. विषम असेल तर तो शहरात शिरणारा फाटा.

मैलांचंही तसंच. राज्याच्या पश्चिम किंवा दक्षिण सीमेवर शून्य धरतात आणि तिथून मोजत येतात. ओहायोत ७० वर कोलंबस साधारण १०० व्या मैलाशी आहे आणि राज्य संपतं २२५ च्या आसपास. बहुतेक राज्यांत एक्झिटचा, म्हणजे महामार्गावरून बाहेर पडायच्या वाटेचा, क्रमांक म्हणजेच मैलाचा क्रमांक असतो. तुमचा एक्झिट १८० असेल आणि कडेच्या छोट्या हिरव्या पाटीवर १४२ दिसलं, तर अजून ३८ मैल. पुढे एक्झिटची पाटी दोन मैल आधी दिसते, मग एक मैल आधी, मग अगदी तोंडाशी. पाटीच्या डोक्यावर एक्झिट क्रमांकाची छोटी पट्टी असते, ती उजव्या कोपऱ्यात असेल तर एक्झिट उजवीकडे, डाव्या कोपऱ्यात असेल तर डावीकडे. हे ध्यानात आल्यावर मी गाडीत मोठ्याने 'वा!' म्हणालो.

ओहायो संपल्यावर वेस्ट व्हर्जिनियाचा जेमतेम १४ मैलांचा पट्टा लागतो, मग पेनसिल्व्हेनिया, मग न्यू जर्सी. चार राज्यं, चार सरकारं, रस्ते सांभाळणारी चार वेगळी खाती. पण हिरवा रंग तोच, अक्षरांचं वळण तेच, महामार्गाचा आकडा लिहिलेली निळी-लाल ढाल तीच. सगळ्या पाट्या एकाच हाताने लिहिल्यासारख्या. जेवणखाण, पेट्रोल आणि मुक्काम निळ्या पाटीवर, उद्यानं आणि प्रेक्षणीय स्थळं तपकिरी पाटीवर. इंग्रजी जेमतेम वाचता येणारा माणूसही रंगांवरून निम्मं समजू शकेल. आपण इथले नाही हे या रस्त्याने आधीच गृहीत धरलंय आणि तशी तजवीज करून ठेवलीय, असं मला वाटत राहिलं. परक्या देशात इतका आदर मला अजून कुठे मिळालेला नाही.

हे सगळं उभं कसं राहिलं? इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनी आणि रस्तेबांधणीतल्या जाणकारांनी लिहावं, ही विनंती.

———

बकआय_मराठी

स्वागत! मस्त लिहिलंय. एक भर: अंधारात चुकून उलट्या दिशेने शिरलात तर अनेक राज्यांत रस्त्यातले रिफ्लेक्टर लाल चमकतात. बरोबर दिशेने जाताना तेच पांढरे किंवा पिवळे दिसतात. आणि तुमच्या बाजूच्या रस्त्याची डावी कड पिवळ्या रेषेची, उजवी पांढऱ्या रेषेची, हे कायम. ओहायोत बर्फ काढणाऱ्या नांगराने रिफ्लेक्टर उखडतात, त्यामुळे ते दक्षिणेत जास्त दिसतील.

———

जुना_एनजेकर

पायवाट, धागा आवडला. आम्ही ऐंशीच्या दशकात आलो तेव्हा फोन नव्हते. रँड मॅकनॅलीचा रस्त्यांच्या नकाशांचा जाडजूड अ‍ॅटलास मांडीवर घेऊन बायको शेजारी बसायची आणि तुम्ही लिहिलेल्या याच आकड्यांच्या भरवशावर आम्ही फ्लोरिडापर्यंत जायचो.

हे उभं कसं राहिलं, याबद्दल थोडं. १९१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याचा मोटारींचा एक तांडा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला. पोचायला ६२ दिवस लागले. वाटेत पूल मोडले, ट्रक चिखलात रुतले. त्या तांड्यात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा तरुण लेफ्टनंट कर्नल होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याने जर्मनीतले ऑटोबान, म्हणजे तिथले वेगवान महामार्ग, पाहिले आणि नंतर तोच राष्ट्राध्यक्ष झाला. २९ जून १९५६ ला त्याने महामार्ग कायद्यावर सही केली आणि ४१,००० मैलांचं जाळं विणायचं ठरलं.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पैशाची व्यवस्था. खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्राने उचलायचा, १० टक्के राज्याने. त्यासाठी पेट्रोलवरचा केंद्राचा कर गॅलनमागे २ सेंटचा ३ सेंट केला आणि तो पैसा रस्त्यांसाठी वेगळ्या निधीत ठेवला. पाट्या सगळीकडे सारख्या का, याचं एक मोठं उत्तर इथे आहे. पैसा हवा तर मानकं पाळा. पाट्यांची राष्ट्रीय नियमावली त्याच्याही आधीची, १९३५ ची.

तुम्ही ज्या पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकवरून (तिथल्या टोलच्या महामार्गावरून) आलात तो मात्र या सगळ्याच्या आधीचा आहे, १ ऑक्टोबर १९४० ला सुरू झालेला. त्याच्या मूळ बोगद्यांपैकी बरेचसे १८८० च्या दशकात अर्धवट सोडलेल्या एका रेल्वेमार्गासाठी खोदायला घेतले होते. टर्नपाइकच्या कडेला हॉटेलं आणि पेट्रोलपंप असलेले थांबे दिसले असतील. इतर बहुतेक इंटरस्टेटवर ते दिसत नाहीत, तिथे नुसती स्वच्छतागृहं आणि बाकडी. कायद्याने तिथे धंद्याला बंदी आहे, जुन्या टोल रस्त्यांना तेवढी सूट मिळाली.

———

घाटवाट

मी पुण्याचा, सिव्हिल इंजिनिअर, आयुष्यभर रस्त्यांचंच काम केलं. मुलीकडे आलो की मी रस्त्यापेक्षा रस्त्याच्या कडा जास्त बघतो, त्यामुळे तिथूनच लिहितो.

लेन १२ फुटांची, उजवीकडचा शोल्डर, म्हणजे लेनच्या बाहेरची कडेची पट्टी, किमान १० फुटांचा. हे आकडे सगळ्यांना दिसतात. पण शोल्डरच्या पलीकडची जमीन बघा. बऱ्याच अंतरापर्यंत ती सपाट किंवा हलक्या उताराची ठेवलेली असते. झाड नाही, दगड नाही, उघडा खांब नाही. माणसाला डुलकी लागणार, लक्ष उडणार, टायर फुटणार हे धरून चाललेलं आहे. गाडी रस्त्याबाहेर गेली तर तिला थांबायला जागा मिळावी यासाठी ही मोकळीक. शोल्डरवर खाचा पाडलेल्या असतात, त्यावरून चाक गेलं की सगळी गाडी घरघरते आणि माणूस जागा होतो.

पाट्यांच्या खांबांकडे वाकून बघा. बुंध्याशी बोल्टने जोडलेल्या दोन तबकड्या दिसतील. गाडी आदळली की खांब तिथून सुटतो आणि गाडीवरून निघून जातो. साठच्या दशकात टेक्सासमध्ये यावर मोठं काम झालं. त्याआधी पाटीचा खांबच माणसं मारत होता.

आणि एक्झिट जिथे फुटतो त्या टोकाशी पिवळ्या पिंपांची रांग दिसते ना, त्यात वाळू असते. पुढच्या पिंपात कमी, मागच्यात जास्त. वेगात आलेली गाडी टप्प्याटप्प्याने थांबते. ही कल्पना जॉन फिच या शर्यतपटूची. १९५५ च्या फ्रान्समधल्या ल मान्सच्या मोटारशर्यतीत त्याचा जोडीदार पिएर लव्हेग अपघातात गेला, गाडीचे तुकडे गर्दीत घुसले आणि ८० हून जास्त प्रेक्षक मेले. फिच त्या दिवशी तिथेच होता. पुढचं आयुष्य त्याने रस्त्यावरची सुरक्षितता वाढवण्यात घालवलं. ती पिंपं दिसली की मला प्रत्येक वेळी त्याची आठवण होते.

आपल्याकडे चालकाला दोष देऊन अपघाताची फाइल बंद होते. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. हा आकडा वाचून झोप लागू नये असा आहे. अमेरिकाही काही आदर्श नाही, इथेही वर्षाला ४० हजारांच्या आसपास माणसं रस्त्यांवर मरतात, युरोपातल्या कित्येक देशांच्या तुलनेत हे प्रमाण वाईटच. पण त्यात इंटरस्टेट हे इथले त्यातल्या त्यात सुरक्षित रस्ते आहेत. लांबीने देशातल्या रस्त्यांच्या एक टक्क्याच्या आसपास, आणि एकूण वाहतुकीचा पाव हिस्सा त्यांच्यावर.

———

लाल_माती

घाटवाट सर, प्रतिसाद जपून ठेवला आहे. आपल्याकडेही २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे आकडे पद्धतशीर केले, ते फार कमी लोकांना माहीत असतं. आपले सम आकडे दक्षिणोत्तर आणि विषम पूर्व-पश्चिम, अमेरिकेच्या उलट. जुना १७ आता ६६ झाला, आणि रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाणारा १६६ म्हणजे ६६ चा फाटा. पण आमच्याकडे अजून सगळे 'गोवा हायवे'च म्हणतात, कारण रस्त्यावर तो आकडा ठळकपणे कुठे दिसतच नाही. पद्धत कागदावर चांगली आहे, ती चालकाच्या डोळ्यांपर्यंत पोचायला हवी.

———

घाटवाट

लाल_माती, अगदी बरोबर. आणि कडांबद्दल आपल्याकडे काहीच होत नाही असंही नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ पासून उघडे खांब आणि दुभाजकांची टोकं झाकायचं, कठडे बसवायचं पद्धतशीर काम झालं आणि मृत्यू बरेच कमी झाले. समृद्धी सरळसोट आणि वेगवान आहे, म्हणून तिथे कडा आणखी जपायला हव्यात. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस दुभाजकावर आदळून पेटली आणि २५ जण गेले. त्या रात्रीनंतर मी कित्येक दिवस त्याच विचारात होतो.

———

मिसिसिपीकाठ

मी सेंट पॉलमध्ये राहते, मिनेसोटात. धागाकर्त्याचा आनंद समजू शकते, पण या रस्त्यांची दुसरी गोष्टही इथे यायला हवी.

आमच्या शहरात रॉन्डो नावाची वस्ती होती. कृष्णवर्णीय कुटुंबांची, स्वतःची दुकानं, चर्च, वर्तमानपत्रं, क्लब असलेली. इंटरस्टेट ९४ तिच्या मधोमध काढला. १९५६ नंतर पाडकाम सुरू झालं, १९६८ मध्ये रस्ता झाला. सहाशेहून जास्त कुटुंबांची घरं गेली. ज्यांची राहिली त्यांच्या दारासमोर खंदकासारखा रस्ता आला आणि पलीकडचे शेजारी कायमचे पलीकडे गेले. हातातली घरं गेल्यावर दुसरीकडे घर घेणंही त्यांना सोपं नव्हतं, कारण अनेक भागांत त्यांना कुणी घर विकत नसे आणि बँका कर्ज देत नसत.

हे एकट्या सेंट पॉलचं नाही. मायामीतलं ओव्हरटाउन, डेट्रॉइटमधलं ब्लॅक बॉटम, न्यू ऑर्लिन्समधला क्लेबोर्न अ‍ॅव्हेन्यू. नकाशावर शहरांच्या मध्यातून जाणारी रेष दिसली की मी आता आधी शोधते, तिथे पूर्वी कोण राहत होतं.

———

पायवाट (धागाकर्ता)

मिसिसिपीकाठ, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. रॉन्डोबद्दल काल रात्री बराच वेळ वाचत बसलो. एक विचारू का? दुसरीकडून रस्ता नेण्याचा पर्याय नव्हताच का?

———

मिसिसिपीकाठ

होता, आणि म्हणूनच जास्त लागतं. शहराचे नगररचनाकार जॉर्ज हेरल्ड यांनी थोडा उत्तरेकडून, रेल्वेमार्गाच्या कडेने रस्ता न्यावा असं सुचवलं होतं. तिथे घरं कमी होती. पण मिनीॲपोलिस आणि सेंट पॉल या दोन शहरांची केंद्रं सरळ जोडणारा मार्ग वाहतुकीला सोयीचा ठरला, आणि त्या मार्गावर राहणाऱ्यांचं ऐकून घेणारं सत्तेत कुणी नव्हतं. २०१५ मध्ये महापौर आणि राज्याचे वाहतूक आयुक्त यांनी जाहीर माफी मागितली. आता ९४ वर छत टाकून त्यावर पुन्हा जमीन तयार करायची आणि दोन बाजू जोडायच्या, अशी मागणी रॉन्डोतलेच लोक करतायत. जुलैमध्ये इकडे आलात तर 'रॉन्डो डेज'च्या मिरवणुकीला नक्की या.

———

शेवंती

मी डॅलसजवळ मुलाकडे येते, वर्षाआड. गाडी चालवत नाही. तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट आली नाही म्हणून लिहिते. मुलगा-सून कामावर गेले की मी घरात. किराण्याचं दुकान खिडकीतून दिसतं, पण मधे महामार्ग, त्याच्या दोन्ही बाजूंना फ्रंटेज रोड (महामार्गाला समांतर जाणारे रस्ते), आणि पायी ओलांडायला जवळपास काही नाही. कोथरूडला मी रोज सकाळी स्वतः भाजी आणते. इथे मला कोथिंबीर हवी असेल तर संध्याकाळपर्यंत थांबावं लागतं. रस्ता अनोळखी माणसाची काळजी घेतो म्हणालात, पण तो माणूस गाडीत बसलेला असला तरच. माझ्यासारख्या बायका इथे घरोघरी आहेत.

———

जुना_एनजेकर

शेवंतीताई, अगदी खरं. माझी आई असेपर्यंत आम्ही रेल्वे स्टेशनाच्या जवळ राहिलो, ते केवळ तिच्यासाठी. तिला चालत बाहेर पडता येणं हे आमच्या घराच्या निर्णयातलं सगळ्यात मोठं कारण होतं. नवीन येणाऱ्यांनी घर घेताना हा विचार जरूर करावा. तुमच्या गावात किंवा काउंटीत ज्येष्ठांसाठी फोन करून बोलावायची गाडी आहे का, ते सुनेला विचारायला सांगा, बऱ्याच ठिकाणी अशी सोय असते.

———

मालवाहू

इंडियानात ट्रकच्या कंपनीत डिस्पॅचचं, म्हणजे ट्रक कधी-कुठे पाठवायचे ते ठरवायचं, काम करतो. माझ्यासाठी इंटरस्टेट म्हणजे घड्याळ. ट्रकचालकाला सलग १० तास विश्रांतीनंतर १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते, आणि २०१७ च्या डिसेंबरपासून त्याची नोंद बहुतेक ट्रकांत इलेक्ट्रॉनिक यंत्रात होते. भरलेल्या ट्रकचं वजन ८०,००० पौंडांच्या आत, म्हणजे ३६ टनांच्या थोडं वर. वे स्टेशनवर, म्हणजे रस्त्याकडेच्या वजनकाट्यावर, तपासतात.

पायवाट, रात्री रेस्ट एरियाच्या रॅम्पवरसुद्धा ट्रक ओळीने उभे दिसले असतील. तास संपले की त्यांना थांबावंच लागतं आणि जागा पुरत नाही. आमच्याकडे पंजाबी चालक खूप आहेत, त्यांचे ढाबेही आता ७० आणि ४० च्या कडेने उभे राहिलेत. राजमा-चावल मिळेल, पोहे मात्र घरून न्या.

ट्रकच्या शेजारी रेंगाळू नका. आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. पुढे जायचं तर डावीकडून सरळ निघून जा.

———

विमानवेडा

इंटरस्टेटच्या दर पाच मैलांतला एक मैल युद्धात विमानं उतरवण्यासाठी सरळ ठेवलाय, असं ऐकलंय. खरं का?

———

जुना_एनजेकर

नाही. कायद्यात असं कलम कधीच नव्हतं. या जाळ्याच्या अधिकृत नावात 'डिफेन्स' आहे त्यावरून ही गोष्ट पसरली असावी. सैन्याची वाहनं जाता यावीत म्हणून पुलांखाली १६ फुटांची मोकळी उंची ठेवायचा आग्रह होता, तो मात्र खरा.

पेनसिल्व्हेनियातल्या ब्रीझवुड या गावाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पायवाट, तुम्ही टर्नपाइकवरून सरळ गेलात म्हणून तुम्हाला ते लागलं नाही. ७० घेऊन दक्षिणेला, बाल्टिमोरकडे वळलात की इंटरस्टेट सोडून सिग्नल, बर्गरची दुकानं आणि मोटेल असलेल्या गावरस्त्यावरून जावं लागतं. त्या काळच्या नियमांमुळे टोलच्या रस्त्याला थेट जोडणी बांधायला केंद्राचा पैसा वापरणं अवघड होतं. पुढे नियम बदलले, पण गावाचा धंदा त्या सिग्नलवर उभा होता.

पैशाबद्दलही एक काळजी. पेट्रोलवरचा केंद्राचा कर १९९३ पासून १८.४ सेंटवरच आहे. महागाई वाढली, गाड्या कमी पेट्रोल पिऊ लागल्या, आणि २००८ पासून त्या निधीत सरकारी तिजोरीतून भर घालावी लागतेय. जुने पूल सांभाळायला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न आता टाळता येणार नाही. १ ऑगस्ट २००७ ला मिनीॲपोलिसला इंटरस्टेट ३५-डब्ल्यूचा पूल भर गर्दीच्या वेळी नदीत कोसळला, १३ जण गेले.

———

घाटवाट

त्याच्या जोडीला एक चांगली आठवणही नोंदवतो. जून २०२३ मध्ये फिलाडेल्फियात ९५ च्या पुलाखाली टँकर पेटला आणि पूल कोसळला. सगळ्यांना वाटलं, आता महिनोन्महिने बंद. काचेच्या पुनर्वापरातून बनवलेल्या हलक्या खडीचा भराव टाकून १२ दिवसांत वाहतूक सुरू केली. रात्रंदिवस चाललेलं ते काम लोक थेट प्रक्षेपणात बघत होते. रस्ता बांधणाऱ्यांकडे इतक्या कौतुकाने बघणारी माणसं मला कारकिर्दीत फार भेटली नाहीत.

———

पायवाट (धागाकर्ता)

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. शेवंतीकाकू, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती पुढच्या वर्षी येणार आहे, त्यामुळे भाड्याचं घर बदलताना बसथांबा आणि दुकान पायी अंतरावर बघणार आहे. टर्नपाइकवर मालवाहू यांचा आरशाचा नियम मात्र माहीत असायला हवा होता.

आता एक व्यावहारिक प्रश्न. डिसेंबरात क्लीव्हलँडहून ९० ने बफेलोला जायचा विचार आहे. बर्फात चालवायचा काहीच अनुभव नाही. जाऊ का?

———

हिमकण

क्लीव्हलँड आणि बफेलोच्या मधे, सरोवराकाठच्या ईरीला राहते, त्यामुळे हा रस्ता माझ्या दारातला. पहिल्याच हिवाळ्यात जाऊ नका. सरोवरावरून येणारा बर्फ अरुंद पट्ट्यात पडतो. दहा मैल लख्ख ऊन आणि पुढच्या मैलाला समोरची गाडी दिसत नाही, असं खरोखर होतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये बफेलोजवळ ९० वर लोक गाड्यांमध्ये दिवसभराहून जास्त अडकले होते, आणि २०२२ च्या नाताळातल्या वादळात तिथे डझनावारी माणसं गेली.

जायचंच असेल तर निघायच्या दिवशी सकाळी ५११ या रस्त्यांच्या माहितीसेवेवर रस्त्याची स्थिती बघा आणि बंद म्हटलं तर घरी थांबा. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. गाडीत ब्लँकेट, फावडं, पाणी, खाणं ठेवा. बर्फ असताना क्रूझ कंट्रोल अजिबात नको. पुलावर रस्त्याच्या आधी बर्फ धरतो, तशी पाटीही असते, तिथे ब्रेक न मारता हळूच पाय काढून घ्या. नांगर पुढे असेल तर त्याच्या मागेच राहा, त्याने साफ केलेला रस्ता हाच सगळ्यात चांगला. अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका, आणि इंजिन चालू ठेवायच्या आधी सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ काढा, नाहीतर विषारी वायू आत येतो.

आत्ता ऑक्टोबरातच टायर तपासून घ्या. काच धुवायचं पाणीही थंडीचं भरा, साधं गोठतं.